दिवाळी तीच, काम वाटलेलं: फराळापासून भाऊबीजेपर्यंत थोडं वेगळं कसं करायचं

आधीच सांगते, आमचं हे काही ठरवून सुरू झालं नाही. २०१९ च्या श्रावणात माझे सासरे गेले, आणि ज्या घरात वर्षाच्या आत कोणी गेलंय तिथे दिवाळीला कढई चढत नाही, फराळ शेजारचे आणि नातेवाईक आणून देतात हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं. त्या वर्षी आमच्या टेबलावर अकरा घरांचे डबे होते. कोणाची चकली, कोणाचा पातळ पोह्यांचा चिवडा, माझ्या माहेरून आलेले खाजे, नणंदेकडून कोल्हापूरहून लाडू. मूड कोणाचाच नव्हता, पण पाडव्याच्या दिवशी आई (म्हणजे माझ्या सासूबाई) एक करंजी मोडून आतलं सारण बघत म्हणाल्या, "अगं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी दिवाळीत बसून फराळ खाल्ला."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. म्हणजे बाईला निवांत बसायला घरात कोणीतरी जावं लागलं, हे काही बरोबर नाही ना. मग पुढच्या वर्षीपासून आम्ही एकेक गोष्ट बदलत गेलो, काही जमल्या, काही पार फसल्या, आणि आता ओळखीतल्या चार घरांनी विचारलं तेव्हा म्हटलं एकदाच नीट लिहून टाकू.

एक चाळणी मात्र आधी लावा. काहीही नवीन करायचं डोक्यात आलं की विचारायचं, याने स्वयंपाकघरातल्या बाईचं काम कमी होतंय की वाढतंय? कारण बरेचसे हटके प्रकार काम वाढवतात. थीमची रांगोळी, सगळ्यांचे एकाच रंगाचे कुर्ते, आणि ती चॉकलेटची करंजी, जी करायची असते आईने, फोटो काढायचा असतो मुलीने आणि खायची असते कोणीच नाही.

पहिली पायरी कोजागिरीला. दिवाळीच्या तोंडावर विषय काढलात तर नक्की भांडण होणार, कारण तेव्हा भाजणी दळून आलेली असते आणि सगळे दमलेले असतात. कोजागिरीला पंधराएक दिवस हातात असतात, सगळे दूध प्यायला गच्चीवर जमलेले असतात, जे लांब आहेत ते व्हिडिओ कॉलवर. प्रत्येकाने दोनच गोष्टी सांगायच्या: दिवाळीतली कुठली गोष्ट नाही झाली तर चुकल्यासारखं वाटेल, आणि कुठली नाही झाली तर चालेल. वाद नाही घालायचा, नुसतं लिहून घ्यायचं. आमच्याकडे पहिल्या वर्षी जी यादी झाली ती बघून मी थक्क झाले, सात माणसांपैकी सहा जणांना अनारसे नको होते! आणि आई दरवर्षी तांदूळ तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, सावलीत सुकवून, कुटून चाळून गूळ घालून पीठ ठेवत होत्या कारण त्यांना वाटायचं पोरांना आवडतात. वर परत ते तुपात सोडले की हसायचे, म्हणजे जाळी पडायच्या ऐवजी पार पसरून विरघळून जायचे, आणि आई रडकुंडीला यायच्या. सातवं माणूस म्हणजे माझा नवरा, त्याला हवे होते. त्याला सांगितलं, तू कर. त्याने एक वर्ष केले, त्याचेही हसले, आता तो बचत गटाच्या बायकांकडून पाव किलो आणतो आणि खूश आहे.

मोठ्या माणसांना पटवताना 'आता हे बंद' असं कधीच म्हणू नका. 'या वर्षी असं करून बघू, नाही आवडलं तर पुढच्या वर्षी परत तसंच' असं म्हणा. आमच्या आईंना अजून वाटतं की हे सगळं फक्त या वर्षापुरतं आहे.

फराळ: एका घराने एकच पदार्थ

हिशोब सोपा आहे. पाच घरं असतील तर प्रत्येक घराने एकच पदार्थ करायचा पण पाच घरांचा करायचा, आणि वसुबारसेला सगळ्यांनी एका ठिकाणी भेटून डबे बदलायचे. घरटी अर्धा किलो धरलं तर एका पदार्थाचा अडीच किलो घाट होतो, ऐकायला जास्त वाटतं, पण कढई एकदाच तापते, एकाच प्रकारचा पसारा, आणि एका रविवारी संपतं. लाडवाला मात्र वजन नको, नग सांगा, नाहीतर कोणाचे लिंबाएवढे आणि कोणाचे नारळाएवढे येतात. पैशाचं सुद्धा आधीच बोलून घ्या, ज्याच्याकडे साजूक तुपातली करंजी आली त्याला चिवडेवाल्याच्या तिप्पट खर्च येतो, त्यामुळे आम्ही सगळी बिलं एकत्र करून पाचाने भागतो. आणि दरवर्षी पदार्थ फिरवायचे. नाहीतर ज्या जावेला शंकरपाळी जमते तिला जन्मभर शंकरपाळी.

चकली आम्ही पुरुषांकडे दिली आहे. हे मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण 'आम्हाला जमत नाही' ही सबब इथेच मोडते. भाजणीचं आमचं प्रमाण चार वाट्या तांदूळ, दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धी वाटी मूग डाळ, पाव वाटी धणे आणि दोन चमचे जिरे. तांदूळ आणि डाळी धुवून सावलीत वाळवायच्या, मग प्रत्येक गोष्ट वेगवेगळी आणि मंद आचेवर भाजायची, एकत्र भाजलं तर मूग डाळ करपते आणि तांदूळ कच्चा राहतो. उकळत्या पाण्यात तिखट, हिंग, ओवा, तीळ, मीठ आणि तेल घालून त्यात भाजणी ढवळून झाकून ठेवायची आणि कोमट झाली की मळायची. बास. पहिल्या वर्षी नणंदेच्या मिस्टरांनी 'चांगली खुसखुशीत होऊ दे' म्हणून मोहन दुप्पट घातलं, पहिली चकली तेलात गेली आणि तिचा एकेक वेढा सुटून कढईभर भुगा झाला. चारही पुरुष कढईभोवती उभे राहून आत बघतायत, कोणी काही बोलत नाहीये, आणि आई बाहेरच्या खोलीत सोफ्यावर बसून पेपर वाचतायत. उठल्या नाहीत हां, मी बघत होते. नुसतं तिथूनच म्हणाल्या, "अजून भाजणी घाला त्यात."

म्हणजे लक्षात ठेवा, विरघळली तर मोहन जास्त झालंय, दगडासारखी झाली तर कमी पडलंय, आणि वरून लाल होऊन डब्यात गेल्यावर मऊ पडली तर आच मोठी होती, आत शिजलीच नाही. काटा येत नसेल तर पीठ परत थोडं पाण्याच्या हाताने मळून घ्या, कोरडं पडलेलं असतं. सोऱ्या पितळी असेल तर एकाने धरायचा एकाने फिरवायचा, आणि या कामाला पुरुषांचे हात खरंच बरे पडतात, आमच्याकडे आता गेली तीन वर्षं चकली उत्तम होते आणि त्याची फुशारकी पुढच्या होळीपर्यंत चालते.

परदेशात कोणी असेल तर त्याचा वाटा नवरात्रातच बाजूला काढा, म्हणजे शंकरपाळी, शेव, चकली, बेसनाचे लाडू. ओल्या नारळाचं काही पाठवू नका. माझा धाकटा दीर न्यू जर्सीत असतो, बाजूच्या न्यूयॉर्क शहरात सरकारी शाळांना आता दिवाळीची सुट्टी मिळते पण त्याच्या ऑफिसला काही नाही, त्यामुळे तो आणि त्याच्यासारखी चार घरं दिवाळीला लागून येणारा शनिवार पकडतात आणि अभ्यंगस्नान ते भाऊबीज सगळं एका दिवसात उरकतात. आईंना हे आधी अजिबात पटलं नव्हतं. मग म्हणाल्या, करतोय ना, मग झालं.

पहिली आंघोळ: गीझर एक, माणसं चौदा

नरक चतुर्दशीला पहाटे चौदा माणसांना पंधरा लिटरच्या गीझरवर गरम पाणी पुरवणं म्हणजे काय असतं हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. शेवटचा माणूस सूर्योदयानंतर गार पाण्याने आंघोळ करतो आणि वर त्यालाच नरकात जाशील म्हणून चिडवतात. आम्ही गावचा तांब्याचा बंब आणला आणि बिल्डिंगच्या गच्चीवर पेटवला. पहिल्या वर्षी लाकडं ओली होती, धूर सगळा वरच्या मजल्यावरच्यांच्या बेडरूममध्ये, पहाटे साडेचारला सोसायटीचे सेक्रेटरी लुंगीवर गच्चीत हजर. त्यांनाच पाटावर बसवून तेल लावलं तेव्हा शांत झाले. तर परवानगी आधी घ्या, लाकडांऐवजी नारळाच्या करवंट्या वापरा, आणि पाण्याची बादली हाताशी ठेवा. तेल, उटणं, औक्षण सगळ्यांचं गच्चीवरच, सतरंजी टाकून, एका रांगेत. लहान पोरं तिथेच आंघोळ करतात, मोठ्यांनी आपापली गरम पाण्याची बादली लिफ्टने खाली न्यायची. लिफ्टमध्ये उटण्याचा वास दोन दिवस राहतो.

त्यानंतर मोठं ताट मांडून फराळ, हा भाग आम्ही बदलला आणि तो माझ्या माहेरचा हट्ट आहे. मी मालवणकडची. आमच्याकडे या दिवसाला चावदिवस म्हणतात, तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचं, गोविंदा म्हणायचं, त्याचा कडू रस जिभेला लावायचा आणि मग पोहे. चिवडा-लाडू नाही, पोहे, आणि तेही एका प्रकारचे नाही: गूळ-खोबऱ्याचे, दुधातले, दह्यातले, तिखटाचे, बटाट्याचे. खाली गोव्यात पण तसंच, रात्रभर नरकासुराचे पुतळे फिरवून पहाटे जाळले की घरी येऊन फोव. आता पुण्यात आम्ही हेच करतो कारण याला कष्ट नाहीत. जाडे पोहे भिजवून पाच पातेल्यांत वाटायचे, प्रत्येक पातेलं एका पोराला द्यायचं, आई शेजारी बसून फक्त मीठ-साखर सांगणार. माझ्या पुतणीने, वय वर्षं नऊ, दह्याच्या पोह्यांत आलं किसून घातलं आणि आता ते तिच्या नावाचे पोहे आहेत, दुसऱ्या कोणी करायचे नाहीत. कारीट पुण्यात मिळेलच असं नाही. मंडईत विचारून बघा, नाहीतर कोकणातून येणाऱ्या कोणाला तरी दोन आणायला सांगा, ते वेलीवरचं छोटं फळ असतं, कोणीही आणून देतं. एका वर्षी मिळालं नाही तर पोरांनी लिंबू फोडलं, आई म्हणाल्या चालतंय, नरकासुराला कुठे कळतंय.

लक्ष्मीपूजन. इथे पूजेला हात लावला नाही, केरसुणी, लाह्या-बत्तासे, सगळं तसंच. फक्त पूजेत एक फाइल वाढवली. सासरे गेल्यावर एका बँकेतल्या खात्याला नॉमिनी नव्हता म्हणून माझ्या नवऱ्याने वर्षभर हेलपाटे घातले, दर वेळी नवीन कागद. व्यापारी लोक लक्ष्मीपूजनाला चोपडी पूजतात, मग आपण पगारदार माणसांनी काय पूजायचं, तर हे. प्रत्येक घराने आपली बँकेची पासबुकं, विम्याचे कागद, एफडीच्या पावत्या, घराची इंडेक्स टू एका फाइलमध्ये लावून पूजेत ठेवायची, हळदकुंकू वाहायचं, आणि पूजा झाल्यावर प्रसाद खाता खाता नवरा-बायको दोघांनी मिळून एकदा वरून खाली बघायची: नॉमिनी कोण, पत्ता जुना आहे का, हप्ता कधी. अर्धा तास लागतो. पहिल्याच वर्षी कळलं की माझ्या जावेच्या पीएफला अजून तिच्या वडिलांचं नाव होतं, लग्नाला बारा वर्षं झाली होती. सणाच्या दिवशी मरणाचं बोलू नये असं कोणी म्हणालं तर वाद घालू नका, 'लक्ष्मी कुठे कुठे ठेवलीय ते बघतोय' म्हणा.

फटाक्यांवर मी फार लिहीत नाही, ज्याने त्याने ठरवावं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये दिवाळीत रात्री आठ ते दहा अशी वेळ घालून दिली आणि कमी प्रदूषणाचेच फटाके म्हणून सांगितलं, ते कोण किती पाळतं ते आपण बघतोच. आमच्याकडे फटाक्यांचे पैसे पोरांच्या हातात रोख देतो आणि सांगतो तुमचं तुम्ही बघा. दोन वर्षं फटाके आले, तिसऱ्या वर्षी कॅरम आला.

किल्ला मोठ्यांचाही

किल्ला हा आमच्या दिवाळीतला सगळ्यात भारी बदल आहे, आणि यात बदल एवढाच की तो पोरांवर सोडला नाही. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात मराठ्यांचे बारा किल्ले आले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. आम्ही त्याची चिठ्ठी काढतो. जो किल्ला निघेल तो शक्य असेल तर दिवाळीआधी जाऊन बघायचा, पोरांनी तिथे वहीत नकाशा काढायचा, आणि मग तोच करायचा. नाहीतर काय होतं, चार विटा, वर गोणपाट, त्यावर चिखल, माथ्यावर महाराज आणि पायथ्याशी प्लास्टिकचा वाघ, सगळ्या सोसायटीत एकच किल्ला.

पहिलीच चिठ्ठी सिंधुदुर्ग निघाली, मी काही लबाडी केलेली नाही. पाण्यातला किल्ला बाल्कनीत कसा करणार? बाळाला आंघोळ घालायचा जुना प्लास्टिकचा टब घेतला, मध्ये विटांचं कुरटे बेट रचलं, त्यावर लाल माती आणि चिखलाचा लेप, तटबंदी मात्र मातीची टिकेना, पाणी लागलं की ढासळायची. शेवटी नवऱ्याने उरलेलं टाइल्सचं सिमेंट कालवलं आणि पुतणीने नागमोडी तट बोटाने ओढला, दरवाजा समोरून दिसता कामा नये म्हणून बुरुजांच्या आड लपवला, तिने मालवणला होडीतून उतरल्यावर तो शोधला होता ना. आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव, त्यासाठी बाटल्यांची तीन झाकणं पुरली, आणि ही बया रोज सकाळी शाळेच्या बाटलीतलं पाणी तीन झाकणांत भरून जायची. बाहेर खारं, आत गोडं. टबमध्ये तिने खरंच मीठ टाकलं होतं, हे मला चार दिवसांनी कळलं जेव्हा किनाऱ्यावर पेरलेले हळीव उगवलेच नाहीत.

तर हळीव किंवा मोहरी वसुबारसेच्याही दोन दिवस आधी पेरा, म्हणजे लक्ष्मीपूजनापर्यंत हिरवं दिसतं, आणि पाणी ओतू नका, फवारा. खाली गोणपाट आणि त्याखाली जाड प्लास्टिक हवंच, आमच्या खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर लाल मातीचे ओघळ गेले आणि एक डबा चकल्या जास्तीचा द्यावा लागला.

पाडव्याला दुपारचा स्वयंपाक पुरुषांचा, विषय संपला. मेनू त्यांनी ठरवायचा, बाजारहाट त्यांनी करायचा, आणि मुख्य म्हणजे 'जिरं कुठंय' हे विचारायला हाक मारायची नाही. बायका त्या वेळी घरात नसणंच बरं. आम्ही तिघी आणि आई दिवाळी अंक घेऊन मागच्या बागेत जाऊन बसतो. १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून लोक दिवाळीत वाचतायत म्हणे, पण वाचणारी बाई दिवाळीत मला तरी फारशी दिसली नव्हती, ती अंक घ्यायची आणि वाचायची डिसेंबरात. प्रत्येक घराने वेगळा एक अंक घ्यायचा आणि तुळशीच्या लग्नापर्यंत साखळीने फिरवायचा. पहिल्या पानावर पेन्सिलीने कोणी काय वाचलं ते लिहा, आणि कोड्यांचं पान कोणी आधी भरायचं यावर आत्ताच ठरवून घ्या, आमच्याकडे त्यावरून अबोला झाला होता. संध्याकाळी बायको नवऱ्याला ओवाळते तसं नवऱ्यानेही बायकोला ओवाळायचं, ताट तेच. पहिल्या वर्षी सगळे लाजले.

आणि भाऊबीज. ज्यांना भाऊ नाही त्या चंद्राला ओवाळतात ही आपल्याकडची जुनीच पद्धत, म्हणजे परंपरेतच केवढी मोकळीक होती बघा. माझ्या जावेला भाऊ नाही, दोघी बहिणी. त्या आता एकमेकींना ओवाळतात. आमच्या घरात सगळी चुलत-मामे-आते भावंडं गोल बसतात आणि प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्याला ओवाळायचं, मुलगा असो मुलगी असो. ओवाळणी सगळ्यांची सारखी, एकशे एक रुपये, कारण पूर्वी एक मामा पाचशे घालायचा आणि दुसरा पन्नास, आणि पोरांच्या नजरेतून ते सुटायचं नाही. न्यू जर्सीवाल्या दिराला पाटावर फोन उभा करून ओवाळतो, आमची संध्याकाळ म्हणजे त्याची सकाळ, तो ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत टोपी घालून बसलेला असतो. फोनला मागून तांब्याचा टेकू द्या आणि कुंकू स्क्रीनला लावू नका. माझ्या नणंदेने भावाच्या कपाळावर म्हणून नेमकं लाल बटणावर बोट ठेवलं, कॉल कट झाला आणि तिने राहिलेलं औक्षण काळ्या स्क्रीनला केलं.

किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवा, मग मोडा. महाराज, मावळे धुवून कागदात गुंडाळून माळ्यावर, विटा सोसायटीच्या मागे, माती तुळशीच्या कुंडीत. मीठ घातलेली नाही.